बेव्हलचा साचा

युसुफ परकार हा माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. मूळ गाव रत्नागिरीजवळचं, संसार मोहम्मद बिन झायद सिटीत आणि नोकरी अबुधाबीबाहेर वाळूत वसलेल्या एका शूटिंग क्लबात. मेंबरांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांसाठी तो शिशाच्या गोळ्या ओततो. पोटापाण्यासाठी गोळ्या करणारा हा गडी घरात झुरळ दिसलं की बायकोला हाक मारतो, हे हमीदा कुणालाही हसत सांगेल. परवाना क्लबचा, शिसं क्लबचं, भट्टीही क्लबची. पण साचा कुठला वापरायचा, हे मात्र युसुफच ठरवायचा.

साचे दोन. एकातून सपाट बुडाची गोळी पडते, ती फ्लॅट. दुसऱ्यातून पडणाऱ्या गोळीच्या बुडाची कड जरा तासल्यासारखी उतरती असते, ती बेव्हल. बेव्हल मोठी गुणाची. साच्यातून चटकन सुटते आणि पितळी पुंगळीच्या तोंडात आपली आपण बसते. फ्लॅट पक्की नखरेल. कड जरा बोथट आली की गोळी पुन्हा वितळवायची, आणि बसवताना हात तिरका झाला की शिसं सोलून निघतं. पण नेम विचाराल तर फ्लॅटचाच. क्लबच्या बंदुकांत युसुफनं स्वतः करून पाहिलं होतं: फ्लॅटच्या गोळ्या एका ठिकाणी, बेव्हलच्या चहूकडे. शिवाय त्या उतरत्या कडेशी गरम वायूला वाट मिळते, शिसं वितळतं आणि नळीला आतून चिकटून बसतं. हे सगळं त्याला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर ही गोष्ट सांगायची गरजच नव्हती.

रमझान आला. कामाचे तास कमी झाले, गोळ्यांची मागणी काही कमी झाली नाही, कारण ईदनंतर क्लबची मोठी स्पर्धा होती. फ्लॅटच्या नादात युसुफचा रोजा बसमध्येच पाण्याच्या बाटलीवर सुटू लागला. घरी पोचला की हमीदा मुकाट्यानं झाकलेली ताटं उघडायची आणि अयान मोबाइलमधून मान वर न करता म्हणायचा, "अब्बा, यू मिस्ड इट अगेन." एक दिवस युसुफनं बेव्हलचा साचा काढला. झालं! काम वेळेत उरकू लागलं. मगरिबच्या अजानच्या आधी घर, हातात खजूर, शेजारी पोरगा. मनात खुट्ट झालं, पण ईद होईस्तोवर चालवून घेऊ म्हणत त्यानं ते दाबलं. ईद झाली. साचा तोच राहिला. सुखाची सवय मोडायला कुणाचा हात लवकर उठतो?

शेजारच्या खोलीत नागेश बंदुकांच्या नळ्या साफ करायचा. देवरुखकडचा, एकटा, मुसफ्फाच्या कामगार कॅम्पात राहणारा. रमझानभर युसुफच्या वाटणीच्या शिशाच्या जड लगडी यानंच उचलल्या होत्या. "युसुफभाई, तुम्ही नका वाकू, घसा सुकेल," म्हणायचा. स्वतःचा चहासुद्धा मागच्या दारी जाऊन प्यायचा.

स्पर्धेत मेंबरांचे नेम फाकले. नळ्या तपासल्या तर आत शिशाचा थर. मॅनेजर तरातरा युसुफच्याच खोलीत आला.

"युसुफभाई, सब बॅरल में लेड! नागेश ठीक से क्लीनिंग नहीं करता. तुम क्या बोलता?"

तोंड उघडलं असतं तर साच्याचं नाव निघालं असतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की अयानची शाळा. एवढं सगळं युसुफच्या डोळ्यांपुढून एका श्वासात सरकलं.

"देखना पडेगा, सर," तो म्हणाला.

"देखना क्या? खलास!"

नागेशची रवानगी लांबच्या रेंजवर झाली, उन्हात फाटकी टार्गेटं बदलायला.

त्या रात्री युसुफ ताटावरून लवकर उठला. लाज वाटत होती, स्वतःचीच. दुसऱ्या दिवशी त्यानं बेव्हलचा साचा कपाटाच्या तळाशी ढकलला आणि पुन्हा फ्लॅट ओतायला घेतली. नळ्या स्वच्छ निघाल्या की साहेबाचा राग उतरेल आणि नागेश आत येईल, असा त्याचा हिशेब. भल्या मनानं केलं हो! नळ्या स्वच्छ निघू लागल्या, नेमही जुळले. मॅनेजर खुशीत येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

"देखा? नागेश गया, बॅरल क्लीन!"

युसुफच्या आता ध्यानात आलं. चूक गुपचूप निस्तरायला गेला आणि नागेशवरचा आळ त्यानं आपल्याच हातानं पक्का केला. आता गप्प राहणं पहिल्यापेक्षा मोठं पाप होतं, आणि बोलणं पहिल्यापेक्षा अवघड. तो पुन्हा भट्टीकडे वळला.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत नागेश आला. चेहरा रापलेला, ओठ फुटलेले, हातात नळी साफ करायचा गज.

"युसुफभाई, माझ्याच हातात खोट असणार. मी गेलो नि नळ्या साफ झाल्या, म्हणजे दुसरं काय? तुमच्याशिवाय कुणाला विचारू? कुठं चुकतंय तेवढं दाखवा. नीट शिकलो तर साहेब परत आत घेतील."

टेबलावर तपासणीसाठी एक रिव्हॉल्व्हर होतं. नागेशनं ते रिकामं असल्याची आधी खात्री केली. मग नळीच्या तोंडाला गज जराही घासू न देता ब्रश आरपार नेला. मग कापड, तेल, पुन्हा कापड. दर वेळी नळी उजेडाकडे धरून, डोळा बारीक करून बघणं. युसुफ त्याच्या हातात चूक शोधत होता. अगदी मनापासून शोधत होता. एखादी तरी सापडू दे, अशी दुवा मागत होता. एकही सापडेना.

"सांगा ना," नागेश म्हणाला.

सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. युसुफनं गजाकडे बोट दाखवलं.

"हात," तो म्हणाला, "जरा हळू चालव."

"हळू?" नागेशनं समजल्यासारखी मान डोलावली. गज पुन्हा आत घातला आणि मुळातच हळू असलेला हात आणखी हळू केला. "असा?"

"हां," युसुफ म्हणाला. "आता बरोबर."

"फार उपकार झाले, युसुफभाई," म्हणत नागेशनं टोपी डोक्यावर चढवली आणि तो रेंजकडे निघून गेला.