नांगर न धरणारा साडू

मत्सर करावा असा माणूस प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी भेटतोच. माझं नशीब असं, की तो मला साडू म्हणून भेटला. म्हणजे रोज दिसणार, सणावाराला पंगतीत शेजारी बसणार, आणि त्याचं कौतुक आपल्याच बायकोच्या तोंडून ऐकावं लागणार. धाडजवळच्या आमच्या गावात सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची जमीन आहे. त्यांना मुलगा नाही, मुली दोन. त्यांनी वरचं वावर माझ्या बायकोला दिलं, खालचं धाकटीला, आणि मध्ये एक धुरा, म्हणजे बांध, ठेवला. विहिरीजवळचा तुकडा मात्र स्वतःकडे राखला. "हातपाय थकले की जो चांगली शेती करन, त्याले देईन," असं ते म्हणायचे. तेव्हापासून त्या तुकड्यावर माझा डोळा. मी थोरला जावई, माझ्याकडे ट्रॅक्टर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत ज्याचं वावर नांगरून पडलं नाही त्याच्या घरी पोरगी देऊ नये, असं मानणारं आमचं गाव, आणि माझी नांगरट पाहायला लोक धुऱ्यावर थांबतात. हा गृहस्थ तर वावरात नांगर घालतच नाही.

नांगर नाही, वखर नाही, डवरा नाही. पीक वरच्यावर कापायचं, मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि पाऊस झाला की त्याच जुन्या गादीवाफ्यांवर हातानं बी टोकायचं, झाली शेती. कुणी विचारलं तर म्हणतो, "जंगलाले कोण नांगरते, भाऊ?" असलं काही मी बोललो असतो तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. हा बोलला की आमच्या घरातल्या बायका म्हणतात, किती विचारी माणूस! वावरात शिरताना तो चपला काढतो. हातात कायम एक लोखंडी सळई. ती जमिनीत खुपसून किती आत जाते ते पाहतो. बरं, ही खोड स्वतःच्या वावरापुरती ठेवावी की नाही? एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यानं मंडपातच सळई खुपसली. ती बोटभरही गेली नाही. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या वधूपित्याला म्हणाला, "मेली हाय, काका." जमीन म्हणायचं राहूनच गेलं. नवरीच्या आजीनं हंबरडा फोडला. मी असतो तर मला मांडवातून बाहेर काढलं असतं; याला वधूपित्यानं दुसऱ्या दिवशी आपलं वावर पाहायला बोलावलं. शिवाय तो मुठीत माती आणून कुणाच्याही नाकाखाली धरतो आणि म्हणतो, "घ्या वास." घ्यावाच लागतो. वास चांगला येतो, हे आणखी दुःख.

सुरुवातीची काही वर्षं मात्र माझी फार सुखाची गेली. त्याच्या वावरात तण माजलं. नवरा-बायको उजाडल्यापासून निंदायला बसायचे, तरी दिवस मावळेपर्यंत एक कोपराही पुरा व्हायचा नाही. पाचोळ्याखाली उंदरांनी बिळं केली. पीक माझ्याहून निम्मं. लोक मला विचारायचे, "साडभाऊनं वावर पडीक टाकलं का बे?" मी मोठा उसासा टाकून म्हणायचो, "आता काय सांगावं!" इतका गोड उसासा मी त्यानंतर कधी टाकला नाही. गावात कुणी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, पेटवायला काढल्या की हा टोपी काढून तिथे जाऊन उभा राहायचा. "जाळता काऊन? मले द्या नं," म्हणायचा, आणि तो कचरा डोक्यावर वाहून वावरात पसरायचा. मामाजी लांबून पाहून मान हलवायचे. विहिरीजवळचा तुकडा माझ्याच पदरात पडणार, अशी माझी खात्री होत चालली होती.

मग एका वर्षी, ऐन शेंगा भरताना पावसानं दडी मारली. माझ्या सोयाबीननं माना टाकल्या आणि धुऱ्याच्या खाली याचं सोयाबीन हिरवंगार उभं! मी सगळ्यांना सांगितलं, दैव. पुढच्या वर्षी श्रावणात आभाळ फाटलं. मी धुऱ्यावर जाऊन पाहतो तर माझ्या नांगरलेल्या, भुसभुशीत, लोकांनी नावाजलेल्या वावरातली माती पाण्याबरोबर निघाली होती, आणि खाली साडूच्या पाचोळ्यात जाऊन थांबली होती. त्याच्या वावरातून पुढे निघणारं पाणी नितळ. गावात एकानं बोलूनही दाखवलं, "जावई दोन, पण माती एकाच्याच घरी नांदाले गेली." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायको रुसून गेली असती तर समजूत काढायला जाता आलं असतं. मातीची समजूत कशी काढायची?

यंदा पोळ्याला मामाजींच्या घरी सगळे जमलो. बैलांना ओवाळून झालं, पुरणपोळीचं जेवण झालं, आणि मामाजी म्हणाले, "आता माह्यानं होत नाही. विहिरीजवळचा तुकडा पुढच्या सालापासून धाकट्या जावयानं करावा." मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली आणलाच नाही, कारण माझं तोंड तेव्हा कुणी पाहू नये असंच झालं होतं.

साडू म्हणाला, "मले नका देऊ, मामाजी."

"काऊन?"

"तो तुकडा चिबड हाय. पाणी साचून राह्यते. तिथं माही पद्धत चालत नाही, मुळं सडतात. त्याले चर काढा लागन, खोल नांगर पाह्यजे. भाऊले द्या. त्यांच्यासारखी नांगरट कोणाले येते?"

एवढं बोलून तो बडीशेप मागायला लागला. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं जीव टाकला, तो तुकडा मला मिळाला होता, आणि तोही माझ्या नांगरटीची तारीफ होऊन. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मला हसावंच लागलं. पण खरं सांगतो, त्याचा इतका मत्सर मला माती वाहून गेली तेव्हाही वाटला नव्हता. 'मले जमत नाही' हे वाक्य मी भरल्या घरात, सासऱ्यासमोर, मेलो तरी बोललो नसतो.

परतताना आम्ही दोघं वावराकडून आलो. त्यानं धोतराच्या सोग्यातून पुरणपोळी काढली, वाकून सोयाबीनच्या दोन ओळींमधला पाचोळा बाजूला केला, अर्धी तोडून खाली ठेवली आणि पाचोळा पुन्हा नीट सारला.

"माह्ये बैल खाली हायत, भाऊ," तो म्हणाला. "गांडुळं. सालभर तेच राबतात. त्यायचा पोळा कोण करन?"

मग उरलेली अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "घ्या, तुमच्याही इकडं टाका," आणि तो आपल्या घराकडे निघून गेला.

मी धुरा चढून माझ्या वावरात आलो. दोन ओळींमधली जमीन मी अगदी लख्ख ठेवलेली, काडी नाही की कचरा नाही. पोळी झाकायला काहीच सापडेना. बोटानं उकरून पाहिलं, कुणी दिसलं नाही. उघड्यावर ठेवावी तर कावळे नेतील. मी बराच वेळ तशीच ती हातात धरून उभा राहिलो आणि अंधार पडायला लागल्यावर तिथेच बांधावर बसून एकट्यानं खाल्ली.