अकरा सेकंदांचं गाणं

आदेश किनकर हा आमच्या कारंज्यातला ऑटो इलेक्ट्रिशियन. हायवेला लागून त्याचं दुकान. ट्रकची बॅटरी चार्ज होत नसली की ड्रायव्हर त्याच्याकडेच येतात. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर उघडायच्या आधी तो नुसता आवाज ऐकून सांगतो, बेअरिंग गेलं. देवाने त्याला असा कान दिला आणि राहायला आम्हा बहिऱ्यांचं गाव दिलं. त्या बहिऱ्यांत पहिला मी. माझं नाव धनंजय, मांडव आणि साउंड सर्विसचा माझा धंदा आहे.

आदेश गिटार वाजवायचा, स्वतः गाणी रचायचा. हे काय आहे असं विचारलं की म्हणायचा, अल्टरनेटिव्ह रॉक. चहाच्या टपरीवर त्याची फार टिंगल व्हायची. "अल्टरनेटरवाल्यानं आपल्याच धंद्याचं नाव ठेवलं गाण्याले!" तोही हसायचा. "ज्या गाण्यावर नाचताही येत नाई अन् टाळही वाजवता येत नाई, थे," असं समजावून सांगायचा. कोणाला काही कळायचं नाही.

त्याचा धाकटा भाऊ ऋतिक तीन वर्षांपूर्वी गेला. नागपुरात परीक्षा होती. गॅसवर चहा उकळत होता, पण उशीर होईल म्हणून तो तसाच मोटरसायकलला किक मारून निघाला आणि कोंढाळीच्या पुढे अपघात झाला. तेव्हापासून घरात चहाला उकळी आली की त्यांची आई, आनंदाबाई, एकच बोलायच्या. "ऋतिक, चहा तं पिऊन जाचं होतं. काऊन घाई केली रे राजा?" समोर कोणी असो नसो, त्या भांड्याकडे बघून हेच म्हणायच्या आणि मग गाळणी घ्यायच्या.

आदेशने यावरच गाणं केलं. माझ्या गोदामात मांडवाच्या गाद्या चारी भिंतींना उभ्या केल्या, पंखा बंद केला आणि ऐन मे महिन्यात आम्ही आठ दिवस घाम गाळला. दुकानात त्याने एक जुना अल्टरनेटर फिरवून त्याची शिट्टी रेकॉर्ड केली होती. वेग वाढला की ती शिट्टी चढत जाते. त्याच सुरावर त्याने गिटार लावली. ताल धरायला ऑक्टापॅडवर मी होतो. चार मिनिटं दहा सेकंदांचं गाणं झालं. मधोमध एक जागा रिकामी ठेवली होती आणि ती आईच्या आवाजासाठी होती.

आनंदाबाई आधी तयार होईनात. "हे का माइकमंदी बोलाची गोष्ट हाय?"

"आई, लोक ऐकतीन. त्याचं नाव राहीन," आदेश म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रायते का रे धनंजय नाव?"

"राहीन, काकू," मी म्हटलं. किती सहज म्हटलं मी!

दोन दिवसांनी त्या धुतलेलं लुगडं नेसून गोदामात आल्या, माइकसमोर उभ्या राहिल्या आणि एकदाच बोलल्या. दुसऱ्यांदा घ्यायची गरजच पडली नाही. आदेश नंतर कितीतरी वेळ पाठमोरा बसून केबल गुंडाळत होता.

गाणं इंटरनेटवर टाकलं. महिनाभरात दोनशे बारा वेळा वाजलं, त्यातल्या पन्नास वेळा मीच. आदेशला त्याचं काही नव्हतं. मलाच राहवेना. आपण जाहिरात करू म्हणून मी रीलसाठी अकरा सेकंदांचा तुकडा कापला. 'ऋतिक' ठेक्याच्या आधी येत होतं, तालात बसत नव्हतं. मी ते उडवलं, चहाही उडवला आणि 'काऊन'पासून सुरुवात केली. आदेशला विचारलंसुद्धा नाही. मोठा शहाणा ना मी!

पुण्याच्या एका विनोदी पेजने तो तुकडा उचलला आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाच्या व्हिडिओवर लावला. काऊन घाई केली रे राजा! चार दिवसांत लाखो लोक हसले. घसरून पडणाऱ्यांवर लावला, बस चुकलेल्यांवर लावला. खाली प्रतिक्रिया होत्या, 'वऱ्हाडी म्हणजे फुल टाइमपास.' हाच प्रश्न एखाद्या बाईने पुस्तकी भाषेत विचारला असता तर याच लोकांनी डोळे पुसले असते. आमच्या आयांनी रडायचं असेल तर आधी भाषा बदलून यायचं, असा यांचा नियम! आणि आमचेही लोक काय कमी? तेही तेच फिरवत होते आणि वर छाती फुगवत होते की आपली बोली फेमस झाली.

मुंबईहून एकाने आदेशला फोन केला. "त्या आजींचे अजून काही डायलॉग मिळतील का? टायमिंग भन्नाट आहे." आदेशने फोन ठेवला आणि गाणं काढून टाकलं. पण तुकडा कुठे निघतो! तो हजारो मोबाइलांत जाऊन बसला होता.

मग गावातल्या ताराचंदशेठच्या मुलाचं, स्वप्निलचं लग्न आलं. साउंड माझाच होता. वरात मांडवात उशिरा शिरली, गावच्या पंगती आधीच बसल्या होत्या. नवरदेवाच्या मित्रांनी त्या तुकड्यावर कोणीतरी केलेलं डीजेवालं गाणं मागितलं. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. लावलं. सगळा मांडव हात वर करून ओरडायला लागला. आनंदाबाई बायकांच्या पंगतीत जेवायला बसल्या आहेत हे मला तेव्हा दिसलं.

नंतर कळलं, शेजारची बाई त्यांना म्हणाली, "अव्वा, तुमच्यासारखाच आवाज हाय वो!"

"माह्याच हाय," त्या म्हणाल्या.

"मंग तं मोठ्या झाल्या तुम्ही!" ती बाई हसली, आणखी दोघीतिघी वळून बघू लागल्या. आनंदाबाई पानावरचं सगळं जेवल्या, हात धुतले आणि घरी गेल्या. मी आवाज कमीसुद्धा केला नाही. हात बटणावर होता आणि लाज वाटत होती, तरी केला नाही.

आदेश आता माझ्याशी बोलत नाही. दुकानात असतो, अल्टरनेटर उघडतो. पण आधी कान लावत नाही, थेट पाना लावतो.

गेल्या महिन्यात मी हिय्या करून त्यांच्या घरी गेलो. आनंदाबाई ओट्याशी उभ्या होत्या. चहा उकळून वर आला. त्यांनी गॅस बारीक केला, गाळला, कपात ओतला. ऋतिकला हाक मारली नाही. मी म्हटलं, "काकू, माफ करा." तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साठ वर्षं ही बाई 'का'ला 'काऊन' म्हणत आली होती. आता मात्र शब्द चाचपून, बातम्यांतल्या बाईसारखं, हळू विचारलं,

"त्याचं नाव का कापलं?"

तालात बसत नव्हतं, एवढंच खरं उत्तर माझ्यापाशी होतं.