पंधरा फेऱ्यांचा कागद

शहाण्या माणसाला दारातूनच परत पाठवायचं, हे बाईंचं काम होतं. एकोणीस वर्षं त्यांनी ते चोख केलं.

विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात तळमजल्यावर एक खोली आहे. बारा संगणक, मध्ये प्लायवूडचे आडोसे, समोर पांढरा फळा. एका भिंतीला काच आणि काचेपलीकडे सरांचं टेबल. या खोलीत सरांच्या प्रयोगासाठी खोटा बाजार भरतो. बारा अनोळखी माणसं येतात, प्रत्येकाला थोडी रक्कम आणि काही ‘कागद’ मिळतात. कागद म्हणजे पडद्यावरचा आकडा. ते एकमेकांना विकायचे. दर फेरीला बाई डब्यातून एक चिठ्ठी काढायच्या आणि निघेल तेवढी कमाई प्रत्येक कागदावर मिळायची, सरासरी दहा. फेऱ्या पंधरा. म्हणजे सुरुवातीला कागदाची किंमत दीडशे, आठव्या फेरीला ऐंशी, पंधराव्या फेरीला दहा आणि पुढे शून्य. शेवटी ज्याच्या हाती जेवढं उरेल, त्यातला ठरावीक हिस्सा खऱ्या पैशांत, पाकिटातून.

यात गुपित काही नव्हतं. बाई दोन पानी सूचना मोठ्यानं वाचायच्या. ‘पंधराव्या फेरीनंतर कागदाची किंमत शून्य’ हे वाक्य दोनदा. मग पाच प्रश्नांची चाचणी. सगळ्यांची उत्तरं बरोबर यायची. आणि आठव्या फेरीत तीच माणसं तो ऐंशीचा कागद एकशेनव्वदला घ्यायची. बाराव्या-तेराव्या फेरीला भाव धाडकन खाली. बाई शांतपणे फळ्यावरचा आकडा पुसून पुढचा लिहायच्या.

एकदा पोळलेला माणूस दुसऱ्या खेपेला जरा सावध असतो आणि असे बारा जण तिसऱ्यांदा एकत्र बसले तर भाव फुगतच नाही. सरांना फुगा हवा होता. म्हणून रजिस्टर. नाव, सही, तारीख. पुन्हा आलेल्याला बाई सांगायच्या, “तुमचं झालंय. आता दुसऱ्याला फसू द्या.” विद्यार्थी त्यांना रजिस्टरबाई म्हणत.

बाईंचा नवरा कारखान्यात फिटर. बत्तीस वर्षांनी निवृत्त झाला आणि सगळी रक्कम एकदम बँकेत आली. दोघांच्या म्हातारपणाला तेवढीच. नेमकं त्याच सुमारास गावाबाहेर नवा रस्ता होणार असं जाहीर झालं आणि रस्त्यालगतच्या प्लॉटांचं बुकिंग सुरू झालं. प्लॉट कुणीच घेत नव्हतं. लोक बुकिंगच्या पावत्या घेऊन पुढे विकत होते.

नवऱ्याचा जुना सोबती, लेथवाला, घरी आला तो मिठाईचा पुडा घेऊनच.

“वहिनी, दोनला घेतली, चारला दिली. जमीन बघितलीसुद्धा नाही!”

“आणि ज्यानं चारला घेतली, तो?”

“तो सहाला विकेल.”

“आणि सहावाला?”

“तुम्ही कशाला सगळ्या जगाचा संसार सांभाळताय? आपला सांभाळा.”

नवरा खो खो हसला. ते हसणं ऐकलं आणि बाईंनी ठरवलं. उपदेश करून काही होणार नव्हतं. एकोणीस वर्षं त्या तेच तर बघत होत्या. पण तीन खेपांत माणूस सुधारतो, हेही त्यांनीच पाहिलं होतं. नवऱ्याला तीनदा बसवायचं. एकदा त्याच्या नावानं, एकदा दिराच्या, एकदा स्वतःच्या भावाच्या. सर काचेतून माणसांकडे बघत नसत, पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत.

पहिल्या खेपेला नवऱ्याच्या गळ्यात अकरा कागद राहिले. पातळ पाकीट खिशात घालून तो घरी येईपर्यंत धुमसत होता.

“त्या कोपऱ्यातल्या पोरीनं टोपी घातली मला.”

“तिनं नाही घातली. तुम्हीच डोकं पुढे केलंत. एकशेनव्वदला का घेतलेत?”

“चढत होता ना भाव!”

“किंमत किती होती?”

“सत्तर,” तो म्हणाला. “चाचणीत बरोबर लिहिलं होतं मी.”

दुसऱ्या खेपेला त्यानं सातव्या फेरीत सगळे कागद विकले आणि भाव अजून चढतोय हे बघवेना म्हणून नवव्या फेरीत परत घेतले. तिसऱ्या खेपेला मात्र तो सुरुवातीपासून कागद गोळा करत राहिला, नवव्या फेरीत एकूणएक विकून मोकळा झाला आणि उरलेल्या फेऱ्या हाताची घडी घालून बसला. त्या दिवसाचं सगळ्यात जाड पाकीट त्याचं होतं.

आता हा म्हणेल, नको बाबा ते पावत्यांचं लफडं, असं बाईंना वाटलं होतं.

“अगं, सोपं आहे,” तो म्हणाला. “नवव्या फेरीपर्यंत धरायचं आणि सोडायचं. बाकीचे बसतात बोंबलत.”

दोन दिवसांनी सरांनी बाईंना बोलावलं. समोर आलेखाचा कागद होता.

“सात नंबर कोण होता? नवखा माणूस असा विकत नाही.”

बाईंनी रजिस्टर पुढे केलं. तीन नावं, सही एकाच वळणाची. खोटं बोलायचं त्यांनी ठरवलंच नव्हतं, फक्त कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

“नवरा आहे, सर. पैसे घालवायला निघाला होता. म्हटलं, इथं घालवून शहाणा होईल.”

“तीन सत्रं फुकट गेली माझी,” सर म्हणाले. मग चष्मा पुसत, वर्गात सांगावं तसं, “आणि बाई, तो शहाणा नाही होत. नियम जरा बदलले, पैसा जरा वाढवला, की तोच माणूस परत तेच करतो. माझा पुढचा पेपर त्यावरच आहे.”

एकोणीस वर्षं झाली तरी नोकरी हंगामीच होती. महिनाअखेरीस संपली.

नवऱ्यानं तीन पावत्या घेतल्या. बँकेत जेमतेम दोन महिन्यांच्या वाणसामानापुरतं उरलं.

“तिथं फळा कुठे आहे?” बाईंनी विचारलं. “कितवी फेरी चाललीय ते लिहितंय कोण?”

“मी,” तो म्हणाला. कपाटाच्या दाराला आतून त्यानं पेन्सिलनं एक ते पंधरा आकडे काढले होते. भाव वाढला की एक आकडा खोडायचा. पाच खोडून झाला, सहा खोडून झाला. सातव्याला बाई म्हणाल्या, “विका आता, निम्म्या तरी.” तो म्हणाला, “तुझ्याच खोलीत शिकलोय. सातव्याला विकणारे मागून रडतात.”

आठवा आकडा खोडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात रस्ता नदीच्या पलीकडून जाणार असं पेपरात आलं. बुकिंग ऑफिसला कुलूप लागलं. भाव पडला असंही म्हणता येत नाही, कारण भाव पडायलाही कुणीतरी घेणारा लागतो. लेथवाल्याकडे चार पावत्या राहिल्या. पहिल्या फायद्यातून घेतलेल्या.

बाई आता दातांच्या दवाखान्यात नंबर लिहायला बसतात. साठाव्या वर्षी नवरा एका सोसायटीच्या गेटवर बसतो. पावत्यांविषयी घरात कुणी बोलत नाही. एकदाच बोलणं झालं. दुपारी जेवताना त्यानं ताटातून वर न बघता विचारलं.

“तुला सगळं माहीत होतं. मग नीट सांगितलं का नाहीस?”

“तीनदा वाचून दाखवलं,” बाई म्हणाल्या. “शून्याचं वाक्य तर सहा वेळा ऐकलंत तुम्ही.”

त्यानं घास गिळला.

“ते तू सगळ्यांना वाचून दाखवत होतीस,” तो म्हणाला. “मला वाटलं, बाकीच्यांसाठी आहे.”