काडेपेटीएवढी बाग

सोल्डरिंग करताना तापलेल्या राळेचा उग्र, किंचित गोडसर वास, श्रावणातल्या ढगाळ दुपारचा कोंदट अंधार, आणि त्या अंधारात माझ्या तळहातावर एकाएकी उजळलेला निळाशार चौकोन! टाकून दिलेल्या मोबाइलमधून निघालेला, एका पट्टीवर बसवून मुंबईहून कुरिअरने आलेला तो काडेपेटीएवढा रंगीत पडदा. त्याला मायक्रोकंट्रोलरची चिप जोडायची आणि एकेका ठिपक्याला त्याचा रंग सांगत बसायचं, हा माझा छंद. मोबाइल नुकते कुठे रंगीत होऊ लागले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. एवढ्याशा काचेत हजारो ठिपके आणि त्यातला प्रत्येक माझ्या आज्ञेत! कचेरीत ज्याचं शिपाईही ऐकत नाही, त्याला याहून मोठं ऐश्वर्य कोणतं?

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा छंद कधीच रुचला नाही. राहायला आम्ही रत्नागिरीत; पण त्यांचा जीव जवळच्या पावस गावातल्या आमच्या हापूस कलमांत. मोहराच्या दिवसांत घरातल्या साऱ्यांनी बागेत असावं अशी त्यांची अपेक्षा, आणि मी धुरात नाक खुपसून टेबलाशी बसलेला. ‘कलमं मोहरतात आणि आमचे चिरंजीव दिवे लावत बसतात,’ असं ते आल्यागेल्याला सांगत. लोक हसत, मला ते लागे. पुढे पुढे आमच्यात बोलण्याजोगं फारसं उरलं नाही. अबोल्याचीही सवय होते, आणि एकदा सवय झाली की माणूस त्यालाच शांतता म्हणू लागतो.

मग अर्धांगवायूने अण्णांची वाचाच नेली, उजवा हातही नेला. आम्ही विचारायचं आणि त्यांनी मान हलवायची. पण जे विचारायचं आम्हांला सुचतच नव्हतं, ते त्यांनी सांगावं कसं? म्हणून मी तो पडदा एका डबीत बसवला. त्यावर एकेक चित्र येई, थोडं थांबे आणि जाई: पाण्याचा तांब्या, पेजेची वाटी, पंखा, कूस बदलणारा माणूस आणि शेवटी पावसची बाग. हवं ते चित्र आलं की डाव्या हाताने बटण दाबायचं, घंटी वाजेल. बाग कशासाठी, असं विचाराल? त्यांनी ती निवडली असती तर गाडीत घालून, झोळीत उचलून, कसंही करून मी त्यांना तिथे नेणार होतो. ती माझी क्षमायाचना होती. तोंडाने काही ती मला जमली नसती.

डबी पुरी व्हायच्या आधी, उशीला टेकवून बसवलेल्या अण्णांसमोर मी नुसता पडदा धरला होता. बागेच्या चित्रापाशी त्यांची नजर खिळली, डोळे भरून आले. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं!

आणि डबी खाटेशेजारच्या उंच स्टुलावर उभी मांडली त्या दिवसापासून त्यांचं काही बिनसलं. आता त्यांना बसवणंही दुरापास्त झालं होतं. ते उताणे पडून असत. पडदा उजळला की क्षणभर पाहत, कपाळाला आठी घालत, आणि डावा हात लांबवून डबीची वरची कड खाली ओढत. दोनदा ती जमिनीवर आपटली. शेवटी आई म्हणाली, “नकोय रे त्यांना ते. कशास छळतोस?” मी मात्र हट्टाला पेटलो आणि डबी चार स्क्रूंनी स्टुलाला घट्ट आवळून टाकली. मग अण्णांनी डबी ओढणं सोडलं. भिंतीकडे मान वळवून ते पडून राहू लागले. या अवस्थेतही माझ्या हातचं काही यांना चालत नाही, असा राग मी मनात धरला. माणूस किती क्षुद्र असतो! कलमांना मोहर धरण्याआधीच अण्णा गेले.

तेरावं उरकलं, पाहुणे पांगले. डबी सोडवायला म्हणून मी त्या खोलीत गेलो. कमरेत उसण भरली होती, म्हणून आधी घटकाभर अण्णांच्या खाटेवर आडवा झालो आणि सहज हात लांबवून पडदा चालू केला. तांब्या आला तो डांबरासारखा. पेज दिसेचना. आणि बाग? जळून गेल्यासारखी काळीठिक्कर. मी कोपरावर जरासा उठलो, तर तीच बाग हिरवीगार! या पडद्यांचा हा जुनाच दोष. समोरून पाहावं तेव्हाच ते खरे रंग दाखवतात, खालून पाहिलं की सगळं उलटं, उजळ ते काळं. मला ते ठाऊक नव्हतं असंही नाही. पण टेबलाशी बसणाऱ्याला ते कधी आडवं आलं नव्हतं. अण्णा डबी पाडत नव्हते. तिचं तोंड आपल्याकडे कलतं करू पाहत होते. आणि मी ती आवळून टाकली होती.

आईला हे सांगावं की गिळावं, यात दोन दिवस गेले. अखेर सांगितलं. ती आत आली, अण्णांच्या उशीवर डोकं ठेवून आडवी झाली, आणि पाचही चित्रं सरेपर्यंत पाहत राहिली. मग म्हणाली, “आपण दोघांनी बसूनच बघितलं रे.”

मी स्क्रू काढू लागलो. चौथा काही केल्या फिरेना, इतका तो मी जोर लावून आवळला होता.