वच्छीआत्याचा ओला वाडगा

वच्छीआत्या गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. मी तेव्हा फळ्यावर बाष्पीभवन शिकवत होतो. त्याला आता दीड महिना झाला. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण लिहायचं तर माझी एक लबाडी सांगावी लागते. पण ती पोटात ठेवून झोप येत नाही, तेव्हा सांगून टाकतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी तिचा नवरा मुंबईहून मचव्यानं घरी येत होता. रेवसच्या अलीकडे मचवा उलटला. बाकीची माणसं मिळाली, आतोबा मिळाले नाहीत. आठ दिवसांनी थळच्या वाळूत त्या मचव्याच्या तुळईचा तुकडा लागला. आत्यानं तो बैलगाडीत घालून आमच्याकडे आणला आणि इथेच राहिली. वडील कातारी होते; लाटणी, पाळण्याचे खूर, वाडगे कातायचे. "दादा, यातून मला येक वाडगा काढून दे," एवढंच ती म्हणाली. वडिलांनी तुकडा पायाच्या लेथवर चढवला तेव्हा उडालेलं पाणी त्यांच्या ओठांना खारट लागलं. ही गोष्ट ते हसत सांगायचे खरे, पण त्यानंतर दोन दिवस त्यांनी लेथला पाय लावला नव्हता.

खाऱ्या पाण्यात मुरलेलं लाकूड दमट हवेत पाझरतं, त्यात नवल नाही. ओल आली की गुळगुळीत लाकडाचीही लव उठते आणि हाताला खरखर लागते. आत्या रोज सकाळी वाडगा मांडीवर घ्यायची. आधी मुशी माशाच्या वाळवलेल्या खरबरीत कातड्यानं, मग झिजलेल्या काचकागदानं, लाकडाच्या रेषेरेषेनं घासायची. शेवटी खोबरेल चोळायचं असतं, तेवढं मात्र करायची नाही. "तेलानं तोंडं बुजतात रं. मग आतलं पानी जाईल कुठनं?" दुसऱ्या दिवशी वाडग्याच्या अंगावर पुन्हा काटा. पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाच्या दंडासारखा लागायचा तो... आम्ही घरातले त्याला हात लावायचं टाळायचो.

अशी बारा वर्षं सरली. बेपत्ता माणसाची बारा वर्षं झाली की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि बायकोनं कुंकू पुसायचं, ही आमच्याकडची रीत. भावकी ओटीवर येऊन बसली. आत्या म्हणाली, "वाडगा सुकंल त्या दिवशी करू." वडिलांना वाटलं, बहिणीला कुंकू ठेवायचंय. आणि वाडगा तर तोवर सुकत आला होता. मग आत्या विहिरीवर गेली की ते मिठाचं पाणी बोटानं वाडग्याला फासायला लागले. अंथरूण धरलं तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाले, "माझ्यामागं तेवढं चुकवू नको." मी नाही चुकवलं. मुलांना विज्ञान शिकवणारा मास्तर, रोज सकाळी चोरासारखा बोट बुडवून... सहा वर्षं. वाडगा झिजून झिजून इतका पातळ झाला, की उन्हात धरला तर पलीकडून आत्याची बोटं दिसायची.

गेली त्या दिवशी सकाळी ती अंथरुणातच होती. वाडगा पोटावर, हात त्याच्यावर नुसतेच ठेवलेले. माझं मघाशीच पाणी लावून झालं होतं.

"बाला, हात चालत न्हाय आता. येवढी वर्सं घासला, पन सुकला न्हाय. भिजलेल्या मानसाला अग्नी कसा लागंल? सुकला आसता तर कवाच दिला आसता. सुटलं आसतं रं त्ये पान्यातनं."

"आत्या, आणि तुझं कुंकू?"

"कुंकवाचं काय घेऊन बसलास?"

माझं बोट अजून ओलं होतं. ते मी धोतराला पुसलं. तिला खरं सांगायला हवं होतं, पण माझी हिंमत झाली नाही. शाळेची वेळ झाली म्हणालो आणि निघालो.

त्या दिवसापासून मी वाडग्याला पाण्याचा थेंब लावलेला नाही. घरात मी एकटाच असतो. हा वैशाख आहे, अंगणात घातलेले पापड एका दिवसात कडकडीत होतात. वाडगा उन्हात ठेवतो, संध्याकाळी कोरडा ठणठणीत आत घेतो, आणि सकाळी हात फिरवला की लव उठलेली असते. काल जिभेला लावून पाहिलं. खारट आहे. आतोबांच्या पुतळ्याचा दिवस विचारायला भटजी दोनदा येऊन गेले. त्यांना काय सांगणार? मी घासतोय.