तोरणामागचं पाणी

आमच्या गल्लीत पुराची उंची हा घराण्याचा प्रश्न आहे. पाणी ओसरलं, चिखल खराट्यानं बाहेर लोटला, की चूल पेटायच्या आधी प्रत्येक घरातलं कुणीतरी ब्रश घेतं आणि पाणी जिथवर चढलं होतं तिथं भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटची रेघ मारतं. मग बायका उंबऱ्यावर उभ्या राहून एकमेकींना विचारतात, "तुमच्यात कुठवर?" एकीनं खिडकी सांगितली की दुसरी चौकट सांगते. ज्याच्यात पाणी जास्त, त्याचा शब्द वर्षभर जड. कमी पाणी आलेल्यानं नळावर फार बोलू नये, असा अलिखित नियम आहे.

आमचं घर गल्लीतलं शेवटचं. त्यापुढं गवताचं रान आणि रानापुढं पंचगंगा. रान खोलगट आहे. पुराचं पाणी आधी त्यात पसरतं आणि ते भरलं की मगच आमच्याकडं वळतं. तेवढ्या सवडीत आम्ही म्हैस, गॅस, गाद्या आणि सांडग्यांचे डबे हलवतो. एरवी त्या रानात म्हशी चरतात आणि कडेच्या नाल्याचा वास सगळ्या गल्लीत हिंडतो.

याच रानाची नोटीस निघाली. हरित पट्ट्यातून काढून ते निवासी आणि व्यापारी करायचं होतं. म्हणजे मुरमाचा भराव आणि वर इमारती. त्या इमारतींचं रंगीत चित्र कुणीतरी आणून तालमीच्या फळ्यावर चिकटवलं. चित्रातली नदी निळीशार होती आणि तिच्यात हंस पोहत होते. माणसं ते चित्र बघायची आणि नदी खरंच बदलली की काय म्हणून घाटावर एक फेरी मारून यायची. नदी होती तशीच होती. काठाला फेस आणि मध्ये जलपर्णीचा हिरवा गालिचा.

"हंस आला तर पवायचा न्हाई," तालमीचे वस्ताद म्हणाले. "चालतच पलीकडं जाईल."

वस्ताद म्हणजे गल्लीचे म्होरके. त्यांनी तालमीत बैठक बोलावली आणि सगळा विषय एका दमात मांडला. "रानात भराव पडला तर रानातलं पाणी कुठं जाणार? ते काय एसटीनं गगनबावड्याला जाणार न्हाई. आपल्यात येणार. तवा हरकत घ्यायची. आणि हरकत ही लिवणार." ही म्हणजे मी.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळं पदवीत काय येतं आणि काय येत नाही, हे गल्लीला नक्की ठाऊक नाही. रक्ताचे रिपोर्ट, मिक्सरची गॅरंटी, सगळं माझ्यापुढं येतं. पुरात पुस्तकं भिजतात म्हणून आईनं मला शाळेसाठी मुरगूडला मामाकडं ठेवलं होतं. तिथल्या बाईंनी मला अर्ज लिहायला शिकवला. मुद्दा आधी, पुरावा लगेच आणि विनंती शेवटी. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मी तशीच हरकत लिहिली, आणि पहिला पुरावा म्हणून ठळक अक्षरांत आमचंच घर घातलं. 'मोठ्या पुरात पाणी तुळईला टेकले होते.'

आमची हरकत वाचून नगररचना कार्यालयातले एक साहेब स्वतः जागा बघायला येणार असं कळलं. वस्तादांनी मला तालमीतलं दूध पाजलं. घरी आले तर आई कपाळाला हात लावून बसलेली.

"त्याच दिवशी पावणं येणार हायत," ती म्हणाली.

माझा दादा दुधाचा टेम्पो चालवतो. निर्व्यसनी, कष्टाळू, दिसायलाही बरा. पण त्याची आलेली स्थळं एकाच प्रश्नावर परत जात होती. घरात पाणी येतं का? या वेळची मुलगी कुरुंदवाडकडची होती. दादा बघायला गेला आणि परत येताना टेम्पोत गाणं म्हणत आला, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. मुलीच्या आईची अट मात्र एकच होती. 'आमचा जल्म पुरात गेला, पोरगी पुराच्या घरात द्यायची न्हाई.' मध्यस्थानं छाती ठोकून सांगून टाकलं होतं की तिकडं पाणी फिरकतसुद्धा नाही. आता ते लोक घर बघायला येणार होते.

"आई, मी तर लिहून दिलंय," मी म्हणाले.

"लिवलंस ते लिवलंस. पावण्यांसमोर वाचू नगंस."

रेघ झाकायला आईनं आधी चुना मारला. चुन्यातून ऑइलपेंट पुन्हा वर आला. डिस्टेंपर मारला, तरी गुलाबी झाक उरली. शेवटी तिनं बाजारातून झेंडूच्या माळा आणल्या आणि तुळईखाली चारी भिंतींना तोरण बांधलं. खोली मंगल कार्यालयासारखी दिसायला लागली.

पाहुणे आले. मुलीचे वडील वर बघून म्हणाले, "अक्षता आजच टाकायच्या हायत काय?" मुलीच्या आईनं नाक आक्रसलं. "वास कसला येतोय?"

"म्हशीचा," आई म्हणाली. म्हैस दारातच होती. तिनं इतक्या दुखावल्या नजरेनं आईकडं पाहिलं की मला तिची कीव आली.

ठरलं असं होतं की वस्तादांनी साहेबांना गल्लीच्या तोंडाशी गाठायचं, तिथली घरं दाखवायची, तालमीत चहा पाजायचा आणि तिथूनच परत लावायचं. पण साहेब तरुण आणि प्रामाणिक निघाले. "हरकतीतलं पहिलं घर गल्लीतलं शेवटचं आहे ना? आधी तेच बघू," म्हणाले. माझी ठळक अक्षरं त्यांना पाठ झाली होती.

ते टेप घेऊन आत आले तेव्हा पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बशा होत्या. मागोमाग सगळी गल्ली दारात. सगळ्यांच्या पुढं समोरच्या घरातल्या चाची. त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. मोठ्या पुरात त्या आणि आई एकाच शाळेत एका सतरंजीवर राहिल्या होत्या, आणि तेव्हापासून कुणाच्यात पाणी जास्त होतं यावर त्यांचं भांडण चालू आहे.

"काकू, मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" साहेबांनी विचारलं.

आई पाहुण्यांकडं बघेना. दादा पोह्यातली मिरची शोधत होता.

"यायचं तसं येतं की."

"म्हणजे किती?"

"पाय वलं हुतील एवढं."

साहेब ते लिहायला लागले. वस्तादांनी डोळे मिटले. तेवढी एक ओळ कागदावर गेली की पुढच्या पावसाळ्यात अख्खी गल्ली पाण्याखाली, हे मला कळत होतं. मी तोंड उघडलं. पण समोर दादाचा चेहरा होता आणि माझा आवाज काही फुटेना.

फुटला तो चाचींचा. आईच्या उत्तराचं त्यांना दुःख झालंच नव्हतं, झाला होता आनंद.

"बगा सायेब! मी इतकी वर्सं हेच सांगतीया. समद्यात जास्त पाणी आमच्यात. ह्यांच्यात काय, पाय धुण्यापुरतं! लिवा, पैला नंबर आमचा."

आईनं हळूच बशी खाली ठेवली.

"काय म्हनलीस भाभी?"

"तूच म्हनलीस की वैनी."

"तुज्यात चौकटीपतूर हुतं. चौकटीपतूर! आणि मला पाय धुण्यापुरतं म्हनतीस?" आई स्टुलावर चढली. "आई, नको," मी म्हणाले, पण तिनं तोरणाला हिसका दिला. झेंडूची फुलं पाहुण्यांच्या पोह्यांत पडली. डिस्टेंपरमधून तांबडी रेघ स्वच्छ दिसत होती. "हे बगा! तुळईला टेकलं हुतं. फळीवरची लोणच्याची बरणी तरंगत भाईर गेली ती घाटावर घावली! झाकण सुदिक निघालं नव्हतं!"

मग तिला पाहुणे दिसले. ती स्टुलावरच खाली बसली, तोरणाचं टोक हातात धरून.

साहेबांनी शांतपणे टेप लावली. चाचींचा चेहरा पडला होता. काय होऊन बसलं ते त्यांना आत्ता कळलं. त्या मुलीच्या आईपुढं झाल्या. "वैनी वाईच वाढवून सांगतीया, अक्का. एवढं काय नव्हतं. ती रेघ कुकवाची बी आसंल." आयुष्यात पहिल्यांदा चाचींनी आमचं पाणी कमी केलं होतं, आणि तेही आमच्या बाजूनं.

मुलीची आई उठली. चप्पल घालायला निघाली असंच आम्हाला वाटलं. ती भिंतीजवळ गेली, मान वर करून रेघेकडं बघत राहिली आणि म्हणाली, "एवढंच? आमच्यात पत्र्यावर बसून जेवलोय."

"पत्रा किती उंच तुमचा?" आईनं ताबडतोब विचारलं.

मग पत्र्याची उंची निघाली, लोणचं निघालं, म्हशी कुठं नेता ते निघालं, आधी पाणी अडवणारं रान आणि त्यावरचा भरावही निघाला. शेवटी मुलीची आई म्हणाली, "खोटं का सांगितलंसा?"

"पोराचं लगीन जमंना म्हणून, अक्का."

"ते बरोबर हाय. थोरल्या सुनंच्या माहेरी मी काय सांगितलं हुतं, इचारा ह्यांना." मुलीच्या वडिलांना चहाचा ठसका लागला. ती साहेबांकडं वळली. "ते म्होरलं रान भरणार हाय काय?"

"ते वर ठरेल. मी फक्त पाहणी करतो."

"मग लिवा. आम्ही मुलीकडचं. रान हाय तोवर सामान हलवायला येळ मिळतो. एवढ्यावर पोरगी देतो. रान भरलं तर लगीन मोडलं."

"हे मी कुठल्या रकान्यात लिहू?" साहेबांनी मला विचारलं. पदवीधर म्हणून.

"हरकतीत," वस्ताद म्हणाले.

त्यानंतर दादानं एकही सुनावणी चुकवली नाही. तोवर बैठकीत मागं बसून मोबाइल बघणारा माणूस, आता पुढच्या रांगेत बसून पूररेषेवर बोलायला लागला. भल्या पहाटे दूध घालून तो थेट तिकडं जायचा. शेवटी हरित पट्ट्याच्या त्या बदलातून आमचं रान वगळल्याचं कळलं. सध्यापुरतं, असं त्यात म्हटलंय. ते सध्या कधी संपेल सांगता येत नाही, म्हणून वस्तादांनी ते चित्र अजून फळ्यावरच ठेवलंय. हंसांचा रंग उडालाय.

दादाच्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात पाणी आलं, पण रानातच बरंचसं थांबलं. ओसरल्यावर वहिनीनं स्वतः ब्रश घेतला आणि रेघ मारली. आई कंबरेवर हात ठेवून बघत होती. तिच्या तोंडावरची नाराजी लपत नव्हती.

समोरून चाचींनी हाक दिली. "अगं सुनबाई, तुमच्यात कुठवर?"

वहिनीनं ओल्या रेघेकडं पाहिलं. ती खिडकीच्याही खाली होती. मग तिनं आईकडं पाहिलं.

"चौकटीच्या वर हुतं, चाची," ती म्हणाली, आणि दार पुढं लोटून घेतलं.