माइकचा खटका

मध्य भारत हे राज्य मोडून नवं राज्य झालं आणि कचेऱ्यांची दप्तरं नव्या राजधानीला, भोपाळला निघाली, तेव्हा मी ग्वाल्हेर स्टेशनवर माइकवरून गाड्यांच्या सूचना द्यायचे. दादाच्या कचेरीलाही हुकूम आला. आई कधीच गेली होती. बाबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, आणि दाना ओली या गल्लीतलं आमचं घर सोडायचं नाही म्हणत होते. दादा म्हणाला, "तुझी नोकरी इथंच आहे, हे बरं झालं."

ही नोकरी मी घरात भांडून मिळवली होती. दिवसभर चार भिंतींत कोंडून राहायला नको, म्हणून. आता तीच मला बांधून ठेवणार होती. दिवसा शेजारच्या काकू बाबांकडे बघतील, असं ठरूनही गेलं.

दादा-वहिनी निघाले त्या दिवशी माझी ड्यूटी होती. धुक्यामुळे गाडी लेट. माझ्या खोलीत एक टेबल, एक माइक आणि फलाटाकडे उघडणारी जाळीची खिडकी. थोड्या थोड्या वेळाने मी खटका दाबून हिंदीत तेच सांगायचे, आणि समोर ट्रंकांवर बसलेले दादा, वहिनी आणि भाचा मान वर करून भोंग्याकडे बघायचे. फलाटावर अर्धी गर्दी आपल्याच मराठी घरांची होती. सगळे भोपाळला चाललेले.

तिसऱ्या सूचनेनंतर दादा खिडकीशी आला.

"अजून किती वेळ?"

"तासभर तरी."

तो वळला. आता गप्प राहिले तर कायमची गप्प राहीन, असं वाटलं.

"दादा, मला इथं राहायचंय का, हे एकदा तरी विचारलंस?"

"हे आत्ता काय काढलंस?"

"बाबांना माझ्या गळ्यात घालून चाललास तू. मी इथंच कुजणार, ते तुला ठाऊक आहे."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्यामागे माणसं उठून उभी राहिली होती. तेवढ्यात शेजारच्या खोलीतले तारबाबू धावत आले. "बहनजी, माइक चालू है!"

खटका बंद करायचा मी विसरले होते.

गाडी आली, तेव्हा ती सूचनाही मलाच द्यावी लागली. दादा पुन्हा खिडकीशी आला नाही. वहिनीने डब्याच्या दारातून भाच्याचा हात धरून हलवला.

स्टेशन मास्तरांनी लेखी समज दिली. घरी पोचले, तर बातमी माझ्या आधीच पोचली होती.

"मी तुझ्या गळ्यात पडलोय?" बाबांनी अडखळत विचारलं.

"रागात बोलून गेले, बाबा."

"खोटं बोलू नकोस. कागद घे."

त्यांनी एकेक शब्द सांगत माझ्याकडून भोपाळच्या बदलीचा अर्ज लिहवून घेतला. बदली झाली तर त्यांचं काय, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. दोन महिन्यांनी उत्तर आलं: तिथे जागा नाही. मी ते त्यांना वाचून दाखवलं.

"घर सोडून मी आलो असतो तुझ्याबरोबर," ते म्हणाले.

त्यानंतर सात वर्षं, ते जाईपर्यंत, आम्ही दोघं त्याच घरात राहिलो.